किल्ली हरवली तरी ती कुलपाच्या पोटात असते

सोलापुरात साखर पेठेतल्या जुन्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला आलेल्या सामानात एक कुलूप होतं. लागलेलं, आणि किल्ली नाही. आजोबांचे हातमाग चालू होते तेव्हा सुताच्या खोलीला ते असायचं. तळहातात मावत नाही एवढं मोठं, अंग लोखंडी, किल्लीच्या भोकावर पितळेचं सरकतं झाकण, आणि पोटावर इंग्रजीत ठोकलेलं 'सिक्स लिव्हर्स'. काका म्हणाले, "कडी काप आणि शोकेसमध्ये ठेव, नाहीतर भंगारात घाल. किल्ली जाऊन तीस वर्षं झाली."

बाजारात दोघांना दाखवलं. एकाने हातात न घेताच "याचे ब्लँक (कोऱ्या किल्ल्या) येत नाहीत आता" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने ते तापवायला गॅस पेटवला, तेव्हा मीच काढून घेतलं. तिसरे भेटले ते चाचा. मंगळवार पेठेत पत्र्याची पेटी मांडून बसतात. त्यांनी आधी विचारलं, "कुलूप तुमचंच का?" माझी हकिगत ऐकून घेतली, कुलूप कानाशी धरून हलवलं, आणि म्हणाले, "किल्ली गुम गई तो क्या हुआ साहब? कुलूप है ना. किल्ली उसकेच पेट में है."

मला ते तेव्हा समजूत घातल्यासारखं वाटलं. पुढे कुलूप उघडून पाहिलं तेव्हा कळलं, की हे अगदी शब्दशः खरं आहे.

आपण समजतो किल्लीचे दात खटक्यात अडकतात आणि खटका मागे जातो. खरं तर खटका ढकलायला एक दात पुरतो. बाकीचे दात कशाला? तर खटक्याला कोणी अडवू नये म्हणून. लिव्हरच्या कुलपात खटका म्हणजे एक सरकती पट्टी. तिचं टोक कडीच्या खाचेत शिरलेलं असतं. त्या पट्टीवर एक छोटी खुंटी उभी असते. आणि या खुंटीभोवती एकावर एक रचलेल्या पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्याच लिव्हर. सगळ्या एकाच खिळ्यावर एका टोकाला ओवलेल्या, दाराच्या बिजागरीसारख्या वरखाली हलणाऱ्या, आणि प्रत्येकीला खाली दाबणारी स्वतःची स्प्रिंग. प्रत्येक लिव्हरमध्ये एक खिडकी कापलेली असते: दोन मोकळे खण, आणि त्यांना जोडणारी खुंटीच्याच जाडीची अरुंद फट. कुलूप लागलेलं असताना खुंटी एका खणात असते. उघडायचं तर तिला फटीतून पलीकडच्या खणात जायचं असतं. पण स्प्रिंगने लिव्हर खाली दाबलेली, म्हणून फट खुंटीच्या समोर येतच नाही.

किल्ली फिरली की तिचा एकेक दात, म्हणजे एकेक पायरी, एकेका लिव्हरला उचलते. सहाही फटी बरोबर एका रेषेत आल्या, की मगच खुंटीला वाट मिळते. एखादी लिव्हर कमी उचलली गेली तर खुंटी अडते. जास्त उचलली गेली तरीही अडते.

सोलापुरात हे समजवायला माग पुरेसा आहे. ज्याने नक्षीच्या जेकार्ड मागावर चादर विणताना पाहिली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ताण्याचे ठरलेले दोरे वर उचलले जातात, मध्ये वाट होते आणि धोटा सुळकन पलीकडे जातो. एक दोरा अर्धवट लोंबला की धोटा त्याला भिडतो आणि दोरा तुटतो. कुलपातली खुंटी म्हणजे धोटा, लिव्हर म्हणजे दोरे. आणि कोणता दोरा उचलायचा हे सांगणारे भोकांचे पुठ्ठे जेकार्डवर चढवतात ना, तीच किल्ली. पुठ्ठे हरवले तरी नक्षी विणलेल्या चादरीवरून ते पुन्हा पाडता येतात. मोठं किचकट काम आहे, पण येतात. हरवलेल्या किल्लीचंही तसंच: कोणत्या लिव्हरला किती उचलायचं हे त्या लिव्हरच्या फटीनेच ठरवलेलं असतं, आणि लिव्हर तर आत सुखरूप आहे.

याआधीची कुलपं वेगळी होती. त्यांच्या आत न हलणारे अडसर असायचे आणि किल्लीला त्या अडसरांच्या मापाच्या खाचा. त्यात गोम अशी, की किल्ली घासून घासून काडीएवढी बारीक केली तर ती कुठल्याच अडसराला शिवत नाही आणि कुलूप उघडतं. १७७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने लिव्हरच्या कुलपाचं पेटंट घेतलं. लिव्हर जास्त उचलली तरी चालणार नाही, ही मेख त्याची. पुढे १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली, सरकारने न फसणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब याने चुगलखोर कुलूप काढलं. कोणी आत काही खुपसून लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलली की एक खिट्टी ती वरच अडकवून ठेवायची. मालक नंतर आपल्या किल्लीने उघडायला गेला की त्याला कळायचं, कोणीतरी हात घातला होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने हेच कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं आणि इंग्रजांची झोप उडवली. चुगली करणारी खिट्टीच त्याने आपल्या कामाला लावली, असं म्हणतात. मला तो माणूस आवडतो.

आपल्याकडे लोखंडी-पितळी लिव्हरची कुलपं घरोघरी पोचली ती मुख्यतः अलीगढच्या कारखानदारीमुळे. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. त्यांच्या कंपनीचं नवताल कुलूप १९५४ चं. तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या हातघडणीच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या कुलपावर कारखान्याचं नाव होतं, पण घासून घासून निम्मं गेलेलं. कोणी? आम्हीच. दर दसऱ्याला पितळ लख्ख झालं पाहिजे म्हणून चिंच आणि राख.

दसऱ्याला आम्ही आणखी एक पाप करायचो. हत्यारांची पूजा झाली की कुलपांना तेल. घरात तेल कोणतं, तर करडईचं. सोलापूर करडईचा जिल्हा, तेव्हा भोकात चमचाभर सोडायचं आणि किल्ली चार वेळा फिरवायची. भाजीला करडईसारखं तेल नाही, पण कुलपाला तिच्याइतका वैरी नाही. जवसासारखंच करडईचं तेल हवेत हळूहळू सुकतं, घट्ट होतं. रंगात आणि वॉर्निशमध्ये ते घालतात ते त्याच गुणासाठी. तीस दसरे एकावर एक चढले की लिव्हर एकमेकींना चिकटतात आणि सहाचा एक ठोकळा होतो. त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. कोकणात कुलूप गंजून जातं, सोलापुरात ते तेला-धुळीच्या लुकणाने बसतं.

म्हणून पहिलं काम भिजवणं. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर टर्पेंटाइन. दोन दिवस बुडवून ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. याने लुकण मऊ होतं, निघत नाही. पूर्ण निघतं ते कुलूप खोलल्यावर, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून सुटे भाग थोडा वेळ ठेवले की: सोड्याने सुकलेल्या तेलाचा साबण होतो आणि बांबूच्या काडीनेही खरवडून येतो. मग स्वच्छ पाणी, आणि लगेच उन्हात वाळवणं. चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर यातलं काही आत जाऊ द्यायचं नाही. आंबट अंश राहिला तर पोलादी स्प्रिंगा खातो.

हातोडी आणि गॅस, दोन्ही नको. गॅसने स्प्रिंगची ताकद मरते, पितळ नरम पडतं. हातोडीने खिळे वाकतात. "कुलूप को मारो नको, वो याद रखता," असं चाचांचं म्हणणं.

खोलायचं कसं? जुनं कुलूप स्क्रूचं नसतं, रिवेटचं असतं, आणि रिवेटची डोकी पत्र्याच्या पातळीत घासून गायब केलेली. बारीक पॉलिशपेपर फिरवून तिरक्या उजेडात धरलं की चार फिक्या रिंगा दिसायला लागतात. चाचांनी त्यांच्या बरोबर मध्यावर पंच मारला, रिवेटचं डोकं ड्रिलने तेवढंच उडवलं आणि खिळा मागून ठोकून काढला. रिवेटपेक्षा जाड ड्रिल लावलं तर पत्र्याचं भोक मोठं होतं आणि नवा रिवेट कधीच नीट बसत नाही. हे काम मी केलं नाही, माझ्याने होणारही नव्हतं.

झाकण उचललं तेव्हा आत काळ्या डांबरासारखं काहीतरी होतं, आणि कानाशी धरून हलवल्यावर जे खुळखुळत होतं ते निघालं: स्प्रिंगचा तुकडा. दोन लिव्हरच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या. स्प्रिंग नसलेली लिव्हर आपल्या वजनाने पडते, म्हणजे कुलूप कसं धरलंय त्यावर तिची जागा बदलते. आमच्याकडे आजी ते "उलटं धरून उघड" म्हणायची ते यामुळेच असणार. नव्या स्प्रिंगा जुन्या गजराच्या घड्याळातून आल्या. त्यातली पट्टी पातळ, लवचीक आणि फुकटची. लिव्हरच्या कडेला एक चीर असते, तिच्यात पट्टीचं टोक घालून चीर हलकेच ठोकून मिटवायची. ताकद सहाही स्प्रिंगांची सारखी असावी. एक फार कडक झाली तर ती एकटीच किल्ली झिजवत राहते.

आता किल्ली. आमच्या कुलपाची किल्ली नळीची, म्हणजे दांडीचं टोक पोकळ; ते कुलपातल्या मधल्या खिळ्यावर बसतं आणि त्याच्याभोवती फिरतं. असे ब्लँक बाजारात नाहीत, हे पहिल्या दुकानदाराचं खरं होतं. पण ब्लँक म्हणजे काय, तर भोक पाडलेला गज आणि त्याला जोडलेलं पान, म्हणजे ज्यात दात कापायचे ती पट्टी. अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत. मधल्या खिळ्याची जाडी व्हर्नियरने मोजून नेली. त्यांनी पोलादाच्या गजाला केसभर सैल भोक पाडून दिलं. पानाची पट्टी चाचांनी पितळेच्या टाक्याने जोडली. पानाची उंची भोकातून जेमतेम आत जाईल एवढी, आणि रुंदी सहा लिव्हर अधिक खटका यांच्या थराइतकी.

पुढचा भाग मी दोन दुपारी शेजारी बसून पाहिला, आणि सगळ्यात सुंदर तोच आहे. कोरं पान पूर्ण उंच, त्यामुळे ते प्रत्येक लिव्हरला गरजेपेक्षा जास्त उचलतं. कानस फक्त कमी करू शकते. म्हणजे प्रवास एकाच दिशेचा: वरून खाली. चाचांनी सहाही लिव्हर काढून ठेवल्या, खटका बसवला आणि तळाची एकच लिव्हर घातली. किल्ली खिळ्यावर ठेवून फिरवली. खिडकीतून स्पष्ट दिसत होतं, फट खुंटीच्या वर गेलीय. काढली, त्या एका पायरीवर चौकोनी बारीक कानस तीनदा ओढली. पुन्हा फिरवली. अजून वर. पुन्हा तीनदा. मग दोनदा. मग एकदा. आणि एका क्षणी खुंटी फटीत अशी शिरली की टक असा आवाजही आला नाही. "एक हो गया." मग दुसरी लिव्हर तिच्यावर, दुसरी पायरी. एका वेळी एकच प्रश्न, म्हणून चूक कुठे झाली ते लगेच दिसतं. चौथ्या पायरीला त्यांनी मला कानस दिली. मी कानशीचा एक हात जास्त मारला. फट खुंटीच्या खाली थांबली, आणि किल्ली गप्प. चाचांनी काही न बोलता त्या पायरीवर पितळेचा थेंब चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून खाली आणली. कानस मला परत मिळाली नाही.

कुलूप खोलता येत नसेल, तर काजळीचा मार्ग. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करायची, आत घालून हलक्या जोराने फिरवायची आणि काढून बघायची: लिव्हर जिथे घासली तिथे काजळी पुसून चमक दिसते. तिथेच थोडं कानसायचं, पुन्हा काळी करायची. दोन-तीन लिव्हरच्या कुलपाला हे जमतं. सहाला तासन्‌तास जातात आणि हाताला समजावं लागतं, कोणती चमक खरी आणि कोणती नुसती घसट.

बाजारात सर्रास होतं ते मात्र वेगळंच: जुनी किल्ली मशीनवर ठेवून तिची नक्कल. किल्ली चाळीस वर्षं वापरलेली असेल तर तिच्या पायऱ्या झिजलेल्या असतात. नक्कल म्हणजे त्या झिजेचीही नक्कल, वर मशीनचा फरक. मूळ किल्ली थोडं हलवून-डुलवून उघडत असते, नक्कल उघडतच नाही, आणि दोष कुलपाला दिला जातो. लिव्हर बघून केलेली नवी किल्ली मूळ म्हाताऱ्या किल्लीपेक्षा चांगली चालते.

लिव्हर किती असाव्यात? साधा हिशोब आहे. एका लिव्हरसाठी पाच वेगवेगळ्या उंच्या धरल्या, तर तीन लिव्हरच्या किल्ल्या ५ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे १२५ प्रकारच्या. सहाच्या १५,६२५. प्रत्यक्षात कारखाने एवढे प्रकार काढत नाहीत, आणि स्वस्त कुलपात फटी ऐसपैस कापलेल्या असतात, म्हणून शेजारच्याच्या किल्लीने आपलं कुलूप उघडण्याचा चमत्कार घडतो. कुलपावरचा लिव्हरचा आकडा बघण्यापेक्षा किल्ली आत घालून डावी-उजवी हलवून पाहा. फार डुगडुगली तर आकड्याला अर्थ नाही.

बंद करताना तेल घातलंच तर खिळ्यावर एक थेंब, तोही यंत्रमागाला लागतं ते पातळ स्पिंडल ऑइल किंवा शिलाई मशीनचं. लिव्हरच्या मध्ये कोरडी ग्रॅफाइटची पूड. पेन्सिलीचं टोक घासून निघते तीही चालते. दोन्ही एकाच जागी घालू नये, चिखल होतो. बाहेरचं लोखंड मी घासलं नाही. काळपट आहे, तसंच राहू दिलं. उरलेली अर्धी अक्षरं तरी टिकतील.

आता माझी चूक सांगतो. सोड्याने धुतलेल्या लिव्हर मी घरी ताटलीत वाळत घातल्या होत्या. चाचांनी बजावलं होतं, क्रमाने तारेत ओवून ठेव. मी ताटलीत ओळीने मांडल्या आणि पंखा लावला. ताटली नातीने उचलली, पुढचं सांगायला नको. सहा लिव्हर ७२० प्रकारे रचता येतात. मी घाबरत पेठेत गेलो तर चाचा हसले. किल्ली नसेल तर क्रमाला काय किंमत? कुठल्याही क्रमाने रचा, किल्ली त्या क्रमाची होईल. जुन्या कुलपाची किल्ली चोरीला गेली की लिव्हरची अदलाबदल करून तेच कुलूप नवीन करतात, ते याच तत्त्वावर. "लेकिन पुरानी किल्ली मिली तो मेरेकू मत बोलना," एवढंच म्हणाले.

कुलूप झालं. सहाही फटी रांगेत येतात, खटका लोण्यासारखा मागे जातो, कडी टणकन उडते. दोन महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उघडून दाखवलं.

गेल्या दिवाळीत आत्याने पार्सल पाठवलं. आजीच्या पानाचा डबा, आणि आत चुन्याच्या डबीखाली नळीची एक किल्ली. किल्लीचं पान झिजलेलं, कडीला सुताचा लाल धागा. खिळ्यावर ती इतकी अचूक बसली की लेथवाल्याने केलेली आठवून लाज वाटली. फिरवली. चतकोर फिरली आणि थांबली.

तिच्या पायऱ्या मी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहिल्या आहेत: उंच, ठेंगणी, मधली, उंच, ठेंगणी, सगळ्यात ठेंगणी. कोणती लिव्हर कितवी होती, ते यावरून कळतं. रिवेट पुन्हा उडवावे लागतील. आणि आजीच्या किल्लीच्या क्रमाने लिव्हर रचल्या, की चाचांनी दोन दुपारी खपून केलेली किल्ली चालायची बंद होणार. सोमवारी पेठेत जाऊन आलो. चाचांना अजून सांगितलेलं नाही. चहा पिऊन परतलो.